हाताला गुण

महांतेशची गाडी दारात थांबली तेव्हा शिवप्रिया ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ती उठली नाही. दोन वर्षांपूर्वी ह्याच गाडीतून त्यानं तिला जळकोटला तिच्या वडिलांच्या घरी आणून सोडलं होतं, "चार दिवस राहून ये" म्हणून. ते चार दिवस अजून संपले नव्हते. मधे त्याचा फोन नाही, निरोप नाही, आणि आता भर उन्हात तामलवाडीहून स्वारी इथवर आली होती. बायकोला न्यायला आलेला नवरा निदान फळांची पिशवी तरी आणतो. ह्यानं झाकणाची बादली आणली होती, म्हणजे ह्याचं काहीतरी काम अडलं होतं.

"अप्पा कुठायत?" त्यानं विचारलं.

"बागेत."

"बरं झालं," असं म्हणून त्यानं बादली ओट्यावर ठेवली आणि झाकण काढलं.

आधी वास आला, नासलेल्या अंड्यासारखा. मग तिनं आत डोकावून पाहिलं आणि हातातली शेंग तशीच खाली पडली. आत छत्री होती.

छत्री हे नाव तिनंच ठेवलं होतं. समुद्रातलं मऊ प्रवाळ, अळंबीसारखं, खाली जाड देठ आणि वर पसरट माथा. धडधाकट असताना ह्या माथ्यावर बारीक बारीक फुलं उमलतात आणि पाण्याच्या लाटेबरोबर डुलतात. लग्नानंतर महांतेशनं हौसेनं मोठी काचेची टाकी आणली, पाहुण्यांना दाखवायला म्हणून. चार दिवसांत त्याची हौस फिटली आणि टाकी शिवप्रियाच्या गळ्यात पडली. ही झूलॉजीची पदवीधर, हिला तर ते वेडच लागलं. समुद्राचं मीठ मापून पाणी करायचं, वीज गेली की इन्व्हर्टरवर मोटर चालवायची, उन्हाळ्यात टाकीवर पंखे लावून पाणी गार ठेवायचं. तिनं ती छत्री रुपयाएवढीची ताटाएवढी केली होती. आता बादलीत होता तो आक्रसलेला, तपकिरी गोळा, आणि त्याची एक कड काळी पडून झडत होती.

"काय केलंत हिचं?"

"काय करणार? आपोआपच मरायलंय," महांतेश म्हणाला. "ऐक, अडचण झालीय. तुळजापूर रोडला हॉटेल काढलंय मी. बसव जयंतीला उद्घाटन हाय. टाकी घरातनं हलवून हॉटेलच्या दारात ठेवायची, आणि बॅनरवर हिचाच फोटो छापलाय, तुझ्या वेळचा. आता लोक विचारायलेत. नवीन प्रवाळ आणलं की आठवड्यात खलास. सोलापूरचा तो दुकानदार म्हणतो, ज्यानं वाढवलं त्यालाच विचारा."

"आणि माझ्या हाताला तर गुण न्हाय ना?"

महांतेश बादलीकडं बघत राहिला.

ते शब्द त्याच्या आईचे होते, उमादेवींचे. लग्नाला आठ वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, त्यावरून घरात कुजबुज होतीच. तेवढ्यात टाकीतल्या गोगलगायी मेल्या. मग कोळंब्या मेल्या. मग लहानसहान प्रवाळं एकेक करून गळून पडली. शिवप्रियानं पाणी तपासलं, मीठ बदललं, दिवे बदलले, काही उपयोग झाला नाही. मासे तेवढे जगले. ते महांतेशनं आणले होते म्हणून जगले, असं उमादेवींचं म्हणणं. शेवटी चुलत नणंदेच्या डोहाळजेवणात शिवप्रिया ओटी भरायला पुढं झाली, तेव्हा उमादेवींनी सगळ्या बायकांसमोर तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "तू नगं. तुझ्या हाताला गुण न्हाय. जे धरतीस ते मरतंय." पंचवीस-तीस बायका होत्या, कुणी मान खाली घातली, कुणी पदर तोंडाला लावला. महांतेश दारात उभा होता. तो काही बोलला नाही. त्यानंतर तिच्या हातचं पाणीसुद्धा उमादेवी घेईनाशा झाल्या, आणि दिवाळी उलटल्यावर गाडी जळकोटच्या रस्त्याला लागली.

"लई नको करूस," महांतेश आता म्हणाला. "उद्घाटनापुरतं तरी उभं कर तिला. चार लोकांत लाज जायला नको." मग गाडीकडं जाता जाता वळला. "आणि तुमच्याकडचं तांब्याचं भांडं लावू नकोस हिच्या पाण्याला."

हे ह्याला कुणी शिकवलं, असं तिच्या मनात येऊन गेलं. टाकीत कधी बोट न बुडवलेला माणूस! पण 'उद्घाटनापुरतं' ह्या शब्दानं तिच्या अंगाचा असा भडका उडाला होता की तांब्याचं बोलणं तिथंच राहिलं.

गाडी गेली. शिवप्रिया बादलीपाशी बसली आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की काही करायचंच नाही. ही बादली नुसती सावलीत ठेवली तरी उद्या सकाळी सगळं संपलेलं असेल. बॅनरवर छत्री आणि दारात रिकामी टाकी! तिला हे चित्र फार आवडलं. खरं सांगायचं तर थोडा वेळ ती त्या चित्रावर खूश होऊन बसली.

पण मग तामलवाडीत काय बोललं जाईल तेही तिला ऐकू आलं. बघितलंत? नेऊन दिली तर तिथंही मारली. हातच तसला.

म्हणजे ही मरून चालणार नव्हती. उट्टं काढायचं तर आधी ही जगायला हवी होती.

तिचे वडील शरणप्पा बागेतून आले तोवर शिवप्रियानं सगळा पसारा मांडला होता. जळकोटला आल्यावर तिनं एक लहान टाकी उभी केली होती. त्या टाकीसाठी द्राक्षबागेचे उरलेले लोखंडी अँगल जोडून शरणप्पांनीच घोडा करून दिला होता. आत नुसते खडक, तीन गोगलगायी आणि एक लाल-पांढरी कोळंबी. प्रवाळ घ्यायची तिची हिंमत झाली नव्हती. कोळंबी मात्र दीड वर्ष जगली होती, आणि रोज सकाळी शिवप्रिया आधी तिला बघायची, मग चहा घ्यायची.

"कुणाचं हाय हे?" शरणप्पांनी बादलीकडं बघून विचारलं.

"तामलवाडीचं."

"आन् तू बरं करणार?"

"करणार."

शरणप्पांनी तिचा चेहरा पाहिला आणि पुढं काही विचारलं नाही. आपली पोरगी दयामाया म्हणून हे करत नाही, एवढं त्यांना कळलं.

तिनं नव्या ब्लेडनं काळी कड कापून काढली. जिवंत भाग दिसेपर्यंत कापत गेली. उरलेला गोळा आयोडीनच्या पाण्यात बुचकळला, आणि ताजं खारं पाणी भरलेल्या वेगळ्या काचेच्या भांड्यात खडकावर ठेवून मऊ दोऱ्यानं सैलसर बांधला. उजेड मंद ठेवला. पाणी हलेल इतपतच छोटी मोटर लावली. आजारी माणसाला तूप-पोळी घालत नाहीत तसं हिलाही लगेच खायला घालायचं नसतं.

आणि मग, हात धुता धुता, तिला ते तांब्याचं बोलणं परत आठवलं.

औषधातलं तांबं प्रवाळाला, कोळंबीला, गोगलगायीला मारतं आणि माशांना एवढ्यात मारत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण तसलं औषध तिनं टाकीत कधी घातलंच नव्हतं, म्हणून सगळ्या तपासण्या केल्या, तांब्याची तेवढी केली नव्हती. महांतेशच्या बादलीतलं पाणी अजून तसंच होतं. पाण्यातलं तांबं शोषणारा एक पांढरा पॅड मिळतो, तांबं धरलं की तो निळा पडतो. तिनं पुण्याहून मागवला आणि बादलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी तो पॅड निळाशार झाला होता.

शिवप्रिया तो पॅड हातात घेऊन मोरीच्या काठावर बसली. कुठून आलं तांबं? नळाचं पाणी ती कधी वापरत नव्हती. मोटर प्लास्टिकची. मग तिच्या डोळ्यांपुढं टाकीच्या काचेचा वरचा कोपरा आला. रोज सकाळी तिथं तीन पांढऱ्या रेघा असायच्या, आणि ती खाऱ्या पाण्याचं मीठ सुकलं म्हणून फडक्यानं पुसून टाकायची. रोज! आणि मीठ कधी तीन रेघांत सुकतं होय?

ती विभूती होती. तीन बोटांनी ओढलेली.

उमादेवींची लिंगपूजा पहाटे चालायची. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर गडूतलं पाणी, विभूती, बेल. पाणी रात्रीच गडूत भरून ठेवलेलं, आणि गडू चिंचेनं घासून लखलखीत केलेला, तांब्याचा. उरलेलं तीर्थ तुळशीला जायचं. आणि टाकीला जायचं! घरातल्या जिवांनाही तीर्थ मिळावं म्हणून म्हातारी रोज ओंजळभर विष टाकीत ओतत होती आणि वर काचेला विभूती लावत होती. मग दिवसभर सुनेच्या हाताला नावं ठेवत होती.

शिवप्रियाला रडू आलं नाही. तिला इतका राग आला की दात दुखायला लागले. तिनं पॅड धुतला नाही, वाळवून फडताळात ठेवला. त्या दिवसापासून ती एक वाक्य घोळवू लागली: आत्याबाई, आता सांगा, कुणाच्या हाताला गुण न्हाय? भाकरी थापताना ते म्हणायची, पाणी बदलताना म्हणायची. आवाज कुठं चढवायचा आणि कुठं थांबायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं.

छत्रीनं मात्र तिला ताटकळत ठेवलं. कितीतरी दिवस ती नुसती मुठीसारखी मिटून बसली. मग तिच्या अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला. शरणप्पा म्हणाले, "गेली वाटतं." शिवप्रिया म्हणाली, "न्हाय अप्पा, कात टाकायलीय." तिनं मोटरीचा झोत जरासा वाढवला. पुढच्या आठवड्यात पापुद्रा फाटला, पाण्यात लोंबला, वाहून गेला. आणि एका दुपारी ती जेवून आली तर माथ्यावर एका बाजूला पाच-सहा फुलं उघडली होती. ती काचेला कपाळ टेकवून बघत राहिली. सूडबीड त्या घटकेला ती पार विसरली होती. शरणप्पा मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हाताला गुण हाय गं पोरी," तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले, आणि वाक्य पुन्हा आठवलं.

बसव जयंती आठवड्यावर आली तेव्हा तिनं महांतेशला फोन केला. "उभी राहिली छत्री. फुललीय. पण तुमच्या हातात देणार न्हाय. आत्याबाईंनी इथं यायचं आणि माझ्या हातनं घेऊन जायची."

"आईला कशाला उन्हाचं?"

"मग बॅनर बदला."

दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी आली. उमादेवी उतरल्या, आधीपेक्षा वाळल्या होत्या. घरात येताच म्हणाल्या, "पूजा व्हायचीय माझी. जागा दावा." पूजेवाचून त्या पाणीही घेत नसत आणि पूजेचं सगळं, पाण्यानं भरलेल्या गडूसकट, कुठंही बरोबर नेत. शरणप्पांनी देवघरात पाट मांडून दिला. महांतेश ओट्यावरच उभा होता, पण शरणप्पांनी जावयाला 'बसा' म्हटलं नाही.

शिवप्रियानं छत्री प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यासकट बांधून टाकीच्या कडेला तरंगत ठेवली होती. टेबलावर वाळलेला निळा पॅड, एक काचेचा पेला आणि तांबं तपासायच्या थेंबांची बाटली. सगळी तयारी झाली होती.

पूजा आटोपून उमादेवी बाहेर आल्या. शिवप्रियाकडं न बघता सरळ टाकीपाशी गेल्या, पिशवीतली फुललेली छत्री बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि सवयीनं त्यांनी गडू टाकीवर तिरका केला.

शिवप्रियानं त्यांचं मनगट धरलं.

"सोड," उमादेवी म्हणाल्या. "तीर्थ हाय."

"माहीत हाय मला. ह्याच तीर्थानं..." आणि ती थांबली. हातातला गडू पिवळा होता. पितळेचा. तिच्या मनातला गडू तांब्याचा होता.

तिनं गडूतलं घोटभर पाणी पेल्यात घेतलं आणि त्यात थेंब टाकले. उमादेवी बघत होत्या. महांतेश आत येऊन उंबऱ्यात उभा राहिला. थोड्या वेळानं पाण्याला निळी झाक आली आणि ती गडद होत गेली.

"हे तांबं," शिवप्रिया म्हणाली. "पितळेत तांबंच असतंय आत्याबाई, दुसरं जस्त. गोगलगायी, कोळंब्या, प्रवाळं, सगळी ह्यानं मेली. रोज सकाळी तुमच्या हातनं. आता सांगा..."

"पर तांब्याचा गडू म्या कवाच सोडला," उमादेवी मधेच म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तांब्याचं पाणी टाकीला नगं म्हणून ह्यानंच तर सोडायला लावला. म्हणून पितळेचा घेतला."

"कुणी सोडायला लावला?"

"महांतेशनं. कोळंब्या मेल्या तवा."

शिवप्रियाच्या डोक्यात महिने मागं-पुढं सरकले आणि जागच्या जागी बसले. कोळंब्या श्रावणात मेल्या. डोहाळजेवण दसऱ्यानंतरचं. उंबऱ्यात उभा असलेला हा माणूस तेव्हाही असाच दारात उभा होता, आणि त्याला सगळं ठाऊक होतं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"सोलापूरच्या दुकानदारानं सांगितलं होतं," महांतेश म्हणाला. "मी गडू बदलायला लावला ना? अजून काय करायचं होतं? तुझं तीर्थ विष हाय, असं आईला सांगू?"

"मला सांगायचं होतं."

"तू आईला बोलली असतीस. घरात रोजची कटकट." त्यानं खांदे उडवले. "झालं गेलं ते. दे ती पिशवी, कारागीर खोळंबलेत तिकडं."

उमादेवी पाटीसारख्या कोऱ्या चेहऱ्यानं लेकाकडं बघत होत्या. "त्या बायकांम्होरं म्या हिला तसं बोलले," त्या म्हणाल्या. "आन् तू ऐकत हुबा ऱ्हायलास?"

त्यानं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

इतके दिवस घोटून ठेवलेलं वाक्य शिवप्रियाच्या कामाचं राहिलं नव्हतं. तिनं ते टाकून दिलं. पिशवी उचलली, गाठ सोडली, छत्री हलक्या हातानं बाहेर काढून आपल्या टाकीत, मधल्या खडकावर ठेवली. मग रिकामी बादली उचलून महांतेशच्या हातात दिली.

"ही तुमची. घेऊन जा."

"अगं पण बॅनर... जयंतीला पाहुणे यायलेत. लोकांना काय सांगू मी?"

"खरं काय ते सांगा. जमत नसंल तर बॅनरवर बघा म्हणावं. उद्घाटनापुरतं तेवढं पुरे."

त्याचा चेहरा लाल झाला. तो काहीतरी बोलणार होता, पण शरणप्पा खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकून शांतपणे त्याच्या आणि पोरीच्या मधे येऊन उभे राहिले. महांतेश मागं सरला. "चल आई," तो म्हणाला.

"आत्याबाई," शिवप्रिया म्हणाली, "जेवून जा. येसर आमटी केलीय. ह्यांना घाई हाय, हे थांबतील गाडीत."

उमादेवींनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या हातातला गडू अजून तिरकाच होता, उरलेलं तीर्थ फरशीवर सांडत होतं.

"तुमच्यावरचा राग गेला न्हाय माझा," शिवप्रिया म्हणाली. "माफी-बिफी काही न्हाय. तुम्ही जेवलात तर ह्यांना उन्हात ताटकळावं लागंल, म्हणून वाढायलेय."

"मला काय कळंना व्हय?" उमादेवी म्हणाल्या. त्यांनी गडू टेबलावर, निळ्या पेल्याशेजारी ठेवून दिला आणि पाटावर जाऊन बसल्या. "आधी पाणी दे. तुझ्या हातनं."

शिवप्रियानं स्टीलचा पेला भरून दिला. म्हातारी तो घटाघटा प्यायली. मग भाकरी आली, आमटी आली, शेंगांची चटणी आली. उमादेवी भाकरीचा एकेक तुकडा मोडून, सावकाश चावून खात होत्या. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. सावली कुठं नव्हतीच, गाडीचा पत्रा तापला असणार. महांतेशनं हॉर्न वाजवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजवला, लांबलचक.

उमादेवींनी ताट पुढं सरकवलं. "अजून एक भाकर वाढ," त्या म्हणाल्या, "आन् आमटी गरम करून आण."